स्पीकिंग टेस्टमध्ये छंदाविषयी बोलायचं, पण दोन वाक्यांत सगळं संपतं. काय करावं?

प्रश्न असा आला आहे: ‘आयईएलटीएसची स्पीकिंग टेस्ट जवळ आली आहे. छंदांविषयी विचारलं की मी रीडिंग आणि लिसनिंग टू म्युझिक असं सांगतो आणि दोन वाक्यांनंतर अडकतो. खरं म्हणजे सांगण्यासारखा छंदच मला नाही. एखादं चांगलं उत्तर पाठ करावं का? छंद खोटा सांगितला तर परीक्षकाला कळतं का?’

आयईएलटीएस म्हणजे परदेशात शिकायला किंवा कामाला जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. अनेक वर्षं तिची तयारी करून घेताना हा प्रश्न मी सतत ऐकत आले आहे. उत्तर देण्याआधी तुम्हीच एक गोष्ट तपासा. दोन वाक्यांनंतर नेमकं काय संपतं? इंग्रजी संपतं की सांगायचंच काही उरत नाही? आत्ता, हे वाचणं थांबवून, ‘वाचन’ या छंदाविषयी मराठीत दोन मिनिटं मोठ्याने बोलून बघा. मराठीतही अर्ध्या मिनिटात गाडी थांबली, तर तुमची अडचण इंग्रजीची नाही. बहुतेकांचा विषय संपतो आणि त्यांना वाटतं की भाषा संपली. मग ते शब्दांच्या याद्या पाठ करत बसतात आणि टेस्टमध्ये पुन्हा तिथेच थांबतात.

परीक्षक काय मोजतो ते आधी पक्कं समजून घ्या. आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये चार निकष आहेत: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता आणि अचूकता, आणि उच्चार. चारही निकषांना सारखं, म्हणजे प्रत्येकी २५ टक्के वजन आहे. छंद किती भारदस्त आहे, किती दुर्मीळ आहे, त्यातून किती बक्षिसं मिळाली, याला एकही गुण नाही. पियानो वाजवणाऱ्याला आणि घरातल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्याला तोच तक्ता लागू होतो. त्यामुळे ‘सांगण्यासारखा छंद नाही’ ही चिंता सोडून द्या. सांगण्यासारखा म्हणजे ज्याचा तपशील तुमच्याकडे आहे तो.

तो ओळखायचा कसा? स्वतःला विचारा: यात काय चुकतं? हातात काय असतं? वर्षापूर्वी मी हे कसं करत होतो आणि आता काय बदललं? ज्या गोष्टीबद्दल ही उत्तरं पटकन येतात, तो तुमचा विषय. सायकल दुरुस्त करणं, रात्री जेवणानंतर लांब चालायला जाणं, मोबाइलवर बुद्धिबळ खेळणं, मोडलेल्या वस्तू उघडून बघणं, जुनी गाणी शोधून याद्या करणं, काहीही चालेल. वाचनसुद्धा चालेल, पण मग कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि का, हे सांगता आलं पाहिजे. ‘इट गिव्ह्ज मी नॉलेज अँड रिलॅक्सेस माय माइंड’ हे वाक्य कोणत्याही छंदाला चिकटवता येतं, आणि म्हणूनच त्याच्या पुढे काही सुचत नाही.

काहीच छंद नसेल तर तसं सांगणं हेही पूर्ण वैध उत्तर आहे. ‘टू बी ऑनेस्ट, आय डोन्ट हॅव अ प्रॉपर हॉबी ॲट द मोमेंट. आय यूज्ड टू स्केच अ लॉट, बट सिन्स आय स्टार्टेड वर्किंग, आय’व्ह हार्डली टच्ड अ पेन्सिल.’ या दोन-तीन वाक्यांत पूर्वीची सवय आहे, बदल कधी झाला ते आहे, आताची स्थिती आहे. ओढूनताणून सांगितलेल्या कोणत्याही छंदापेक्षा हे उत्तर भाषेच्या दृष्टीने सरस आहे.

आता टेस्टचा आराखडा. सगळी मुलाखत ११ ते १४ मिनिटांची आणि तीन भागांची असते, आणि ती रेकॉर्ड होते. पहिला भाग ४ ते ५ मिनिटांचा. त्यात घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी अशा ओळखीच्या गोष्टींवर छोटे प्रश्न येतात. छंदांविषयीचे प्रश्न साधारण असे असतात: तुला छंद आहे का? तो कधी सुरू केलास? लहानपणी कोणते छंद होते? घरच्यांचे आणि तुझे छंद सारखे आहेत का? पुढे कोणता शिकायला आवडेल?

हे प्रश्न पुन्हा नीट बघा. प्रत्येक प्रश्न वेगळं व्याकरण मागतो आहे. पहिल्याला साधा वर्तमानकाळ लागतो, दुसऱ्याला भूतकाळ, तिसऱ्याला पूर्वीची सवय सांगणारं रूप, चौथ्याला तुलना आणि पाचव्याला इच्छा किंवा शक्यता. प्रश्नाचा काळ ऐका आणि त्याच काळात उत्तर सुरू करा. लहानपणाविषयी विचारल्यावर ‘आय लाइक क्रिकेट’ असं उत्तर आलं, तर प्रश्न नीट ऐकला नाही असंही दिसतं आणि व्याकरणही घसरतं.

या भागात दोन ते चार वाक्यं पुरतात. ‘येस, आय डू’ एवढ्यावर थांबू नका आणि मिनिटभराचं भाषणही करू नका. परीक्षकाने मध्येच थांबवून पुढचा प्रश्न विचारला तर गांगरू नका. त्याला ठरलेल्या वेळात ठरलेले प्रश्न संपवायचे असतात, तुमचं उत्तर वाईट होतं असा त्याचा अर्थ नाही.

तपशिलामुळे भाषा कशी सुधारते ते एका उदाहरणात दाखवते, कारण माझ्या मते सगळ्या तयारीचा गाभा इथे आहे. समजा तुम्हाला घरात झाडं लावायची आवड आहे. तुम्ही म्हणालात, ‘माय हॉबी इज गार्डनिंग. आय लाइक इट व्हेरी मच. इट इज अ व्हेरी गुड हॉबी.’ यात चूक एकही नाही, पण परीक्षकाला देण्यासारखंही काही नाही. आता हे बघा: ‘आय लुक आफ्टर अबाउट अ डझन हाउसप्लांट्स, अँड आय ग्रू मोस्ट ऑफ देम फ्रॉम कटिंग्ज. द ट्रिकी पार्ट इज रीपॉटिंग. इफ यू डॅमेज द रूट्स, द लीव्ह्ज टर्न यलो, अँड देन यू कान्ट टेल वेदर इट्स द रूट्स ऑर यू’व्ह जस्ट ओव्हरवॉटर्ड इट.’

दुसऱ्या उत्तरात अवघड असं काही नाही. फांदी लावून रोप करणं, कुंडी बदलणं, मूळ दुखावणं, पाणी जास्त होणं, या रोजच्या क्रिया आहेत. पण त्या सांगताना आपोआप ‘जर-तर’चं वाक्य आलं, भूतकाळ आला, ‘वेदर’ने जोडलेलं उपवाक्य आलं, आणि ‘कटिंग्ज’, ‘रीपॉटिंग’, ‘ओव्हरवॉटर’ असे नेमके शब्द आले. या परीक्षेत गुण ‘बँड’ म्हणजे पातळीत मिळतात, सगळ्यात वरचा बँड ९. बँड ७ च्या वर्णनात कमी प्रचलित शब्द वापरता येणं आणि कोणता शब्द कोणाबरोबर जातो याची जाण असणं अपेक्षित आहे. विद्यार्थी त्यासाठी वाक्प्रचार पाठ करतात आणि झाडांविषयी बोलताना ‘इट्स माय कप ऑफ टी’ घुसडतात. ते कानाला लगेच खटकतं. कमी प्रचलित शब्द तुमच्या छंदाच्या आतच असतात. बुद्धिबळात ‘सॅक्रिफाइस अ पीस’, सायकलीत ‘टाइटन द ब्रेक केबल’, विणकामात ‘ड्रॉप अ स्टिच’. हे शब्द तिथे शोभतात, कारण ते तिथलेच आहेत.

म्हणून पाठांतराच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे: वाक्यं पाठ करू नका, शब्द तयार ठेवा. स्पीकिंगच्या गुणवर्णनात पाठ केलेल्या वाक्यांचा उल्लेख बँड २ आणि ३ च्या पातळीवर येतो. ज्याला स्वतःची वाक्यं करता येत नाहीत तो पाठ केलेल्यांवर विसंबतो, अशा अर्थाने तो येतो. तुमचं इंग्रजी त्याहून कितीतरी वरचं असेल, मग त्या सावलीत जाऊन का उभं राहायचं? शिवाय पाठांतर ऐकू येतं. वेग अचानक वाढतो, आवाजाची चढ-उतार सपाट होते, डोळे वर जातात. आणि पुढचा प्रश्न थोडा तिरका आला की तीच व्यक्ती एकदम तुटक बोलू लागते. हा फरक परीक्षकाला कळायला फार वेळ लागत नाही.

एका कागदावर तुमच्या छंदाची दहा-बारा क्रियापदं, वस्तूंची सात-आठ नावं आणि त्यात येणाऱ्या दोन अडचणी लिहा. क्रियापदांवर विशेष भर द्या. नामं कोणीही सांगतो. क्रियापद आलं की मात्र त्याच्याबरोबर काळ, कर्म आणि शब्दयोगी जोडणी हे सगळं येतं.

व्याकरणात मराठी बोलणाऱ्यांच्या काही ठरावीक जागा आहेत आणि छंद हा विषय नेमका तिथेच बोट ठेवतो. सगळ्यात मोठी जागा ही: ‘मी दहा वर्षांपासून चित्रं काढतो’ या मराठी वाक्यात क्रियापद वर्तमानकाळी आहे. ते तसंच उचललं की ‘आय ॲम ड्रॉइंग फ्रॉम टेन इयर्स’ तयार होतं. इंग्रजीत तेव्हा सुरू होऊन आजवर चालू असलेल्या गोष्टीसाठी वेगळं रूप आहे: ‘आय’व्ह बीन ड्रॉइंग फॉर टेन इयर्स.’ कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’: ‘सिन्स आय वॉज टेन’. छंदाच्या संभाषणात हे वाक्य जवळपास नक्की लागणार आहे, त्यामुळे ते तोंडात बसेपर्यंत वेगवेगळी क्रियापदं घालून म्हणा.

दुसऱ्या जागी मात्र मराठी आपल्या मदतीला येते. ‘लहानपणी आम्ही खेळायचो’, ‘मी रोज वाचायचो’ हे ‘-यचो’ रूप तुमच्या मनात आलं की इंग्रजीत ‘यूज्ड टू’ घ्या: ‘आय यूज्ड टू प्ले.’ ही जोडी बहुतेक वेळा चपखल बसते. पण हे फक्त भूतकाळासाठी आहे. आजच्या सवयीसाठी ‘आय यूज टू प्ले एव्हरी डे’ म्हणणारे खूप भेटतात. तिथे साधं ‘आय प्ले एव्हरी डे’ हवं.

बाकीच्या पटकन सांगते. ‘एंजॉय’च्या पुढे क्रियापद ‘-इंग’ लावून येतं, ‘आय एंजॉय रीडिंग’, आणि त्याला कर्म लागतंच. ‘आय गो देअर अँड आय एंजॉय’ अपुरं राहतं, ‘आय एंजॉय इट’ म्हणा. ‘लिसन’च्या मागोमाग ‘टू’ हवा. ‘आय ॲम हॅविंग मेनी हॉबीज’ नको, ‘आय हॅव’ पुरे. बुद्धिबळासारखे खेळ ‘प्ले’ करतात, पोहायला ‘गो’ करतात, योगासनं ‘डू’ करतात. आणि ‘टाइमपास’ हा आपल्याकडचा शब्द बाहेर कळेलच असं नाही, ‘टू पास द टाइम’ म्हणा.

दुसऱ्या भागात कार्ड मिळतं. समजा त्यावर फावल्या वेळात आवडीने करण्याच्या एखाद्या गोष्टीचं वर्णन करायला सांगितलं आहे आणि खाली तीन-चार मुद्दे आहेत: ती काय आहे, कधी सुरू केली, कोणाबरोबर करता, आणि का आवडते. विचार करायला १ मिनिट, कागद-पेन्सिल मिळते, आणि मग १ ते २ मिनिटं बोलायचं. दोन मिनिटं झाली की परीक्षक स्वतःच थांबवतो.

त्या एका मिनिटात वाक्यं लिहू नका, दोन वाक्यं होतील आणि वेळ संपेल. मी विद्यार्थ्यांना ‘का आवडते’ या शेवटच्या मुद्द्यापासून विचार करायला लावते. बाकीचे मुद्दे दहा-दहा सेकंदांत संपतात, हा मात्र मोकळा आहे, आणि नेमका तिथेच ‘बिकॉज इट इज इंटरेस्टिंग’ म्हणून लोक थांबतात. त्याऐवजी एक प्रसंग निवडा. काहीतरी बिघडलं, मग तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. सायकलची साखळी सारखी निसटत होती, दोनदा चुकीचा भाग बदलला, मग कळलं की गिअर वाकला होता. कागदावर एवढंच लिहा: साखळी, दोनदा, गिअर, किती वेळ गेला, हात काळे. या पाच नोंदी तुम्हाला मिनिटभर सहज चालवतील, कारण घटना क्रमाने आठवते आणि क्रमाने सांगताना सुसंगती राखायला वेगळे कष्ट पडत नाहीत. ‘फर्स्टली, सेकंडली, मोरओव्हर’ अशी जोडणी पेरायची गरजही उरत नाही. अशा जोडशब्दांचा अतिवापर खालच्या बँडच्या वर्णनात नोंदलेला आहे, हे लक्षात असू द्या.

अडखळण्याबद्दलही इथेच सांगते. प्रत्येक थांबा सारखा धरला जात नाही. वरच्या बँडमध्ये ‘आता काय सांगावं’ या विचारासाठीचा थांबा स्वाभाविक मानला आहे. शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठीचा थांबा मात्र खाली ओढतो. ‘लेट मी थिंक, इट मस्ट हॅव बीन टू इयर्स अगो’ असं म्हणत आठवणं पूर्ण ठीक आहे. चुकलेलं एखादं वाक्य सुधारलंत तरी हरकत नाही, फक्त प्रत्येक वाक्य सुधारत बसू नका.

तिसरा भाग पुन्हा ४ ते ५ मिनिटांचा, आणि इथे विषय तुमच्याकडून समाजाकडे जातो. लोकांना छंदासाठी पूर्वीपेक्षा कमी वेळ मिळतो का? मुलांना छंद लावावेत की त्यांचे त्यांना सापडू द्यावेत? छंदाचा व्यवसाय केला तर त्यातली गोडी जाते का? इथे ‘आय’ने सुरू होणारी उत्तरं कमी करा. ‘पीपल टेंड टू’, ‘इट डिपेंड्स ऑन’, ‘कम्पेअर्ड टू देअर पेरेंट्स’ अशी सुरुवात घेऊन एक मत मांडा, त्याचं कारण द्या, आणि कुठे ते लागू पडत नाही तेही सांगा. मत कोणतं आहे याला गुण नाहीत. प्रश्न कळला नाही तर सरळ विचारा, ‘कुड यू एक्स्प्लेन व्हॉट यू मीन बाय दॅट?’ चुकीच्या प्रश्नाचं लांब उत्तर देण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

उच्चारात परदेशी ढब आणायची नाही, समजणं सोपं व्हायला हवं. बँड ९ च्या वर्णनातही ढबीबाबत अपेक्षा एवढीच आहे की तुमच्या मूळ ढबीमुळे समजण्यात अडथळा येऊ नये. पण छंदाच्या विषयात दोन जागा सांभाळा. एक म्हणजे ‘लेझर’, ‘प्लेझर’, ‘यूज्वली’ या शब्दांतला मधला आवाज. तो ‘जेवण’मधला ज नाही आणि ‘माझा’मधला झही नाही. ‘श’ म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवा आणि गळ्यात कंपन आणा, तो सापडेल. दुसरी जागा आघाताची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे सिलॅबलवर), ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, म्हणजे ‘टॉ’वर, आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, ‘ग्रा’वर. मराठीत आघाताने शब्द ओळखायची सवय आपल्याला नसते, म्हणून आपण सगळे अवयव सारख्या जोराने म्हणतो. तुमच्या कागदावरच्या प्रत्येक शब्दाचा आघात शब्दकोशात बघून खूण करून ठेवा.

सरावासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटते ती ४-३-२ पद्धत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये तिच्यावर लिहिलं आहे. एकच विषय एका व्यक्तीला ४ मिनिटांत सांगायचा, तोच दुसऱ्या व्यक्तीला ३ मिनिटांत आणि तिसऱ्या व्यक्तीला २ मिनिटांत. मजकूर तोच राहतो, वेळ कमी होतो, त्यामुळे डोक्याला नवं काही शोधावं लागत नाही आणि सगळं बळ ओघाकडे जातं. ऐकणारं कोणी नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. मग ऐकताना प्रत्येक थांब्यावर स्वतःला विचारा: इथे शब्द नव्हता की मुद्दा नव्हता? शब्द नव्हता तर तो शोधून कागदावर लिहा. मुद्दा नव्हता तर तो छंद तुमचा नाही, दुसरा घ्या.

आता राहिला खोट्याचा प्रश्न. परीक्षक खरंखोटं तपासत नाही, त्याच्याकडे तसा निकषच नाही. मित्राचा छंद स्वतःचा म्हणून सांगितलात तर कोणी पकडणार नाही. पण दुसऱ्या भागानंतर तो त्याच विषयावर एखाद-दुसरा प्रश्न विचारू शकतो, आणि तिथे तुम्हाला एकाच वेळी कल्पनाही करावी लागेल आणि इंग्रजीही सांभाळावं लागेल. तेव्हा जर बदल करायचाच असेल तर छोटा करा: प्रसंग भावाचा होता तर स्वतःचा म्हणा, तीन महिन्यांपूर्वीचा होता तर परवाचा म्हणा. छंद मात्र असा घ्या ज्याला तुमचे हात लागलेले आहेत. तुम्ही जुनी गाणी ऐकता असं म्हणालात, तर आज संध्याकाळी एकच गाणं घ्या. ते पहिल्यांदा कुठे ऐकलं, त्यातलं कोणतं वाद्य तुम्हाला ओळखू येतं, आणि कोणत्या वेळी ते लावता, एवढं मराठीत बोला आणि लगेच इंग्रजीत बोला. किती मिनिटं झाली ते बघा. माझ्या अंदाजाने दोनच्या पुढे जाल.